अज्ञान ते सज्ञान, एका रात्रीत

'आदरणीय ताई,

मी कळव्यातल्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. मुख्याध्यापकांनी यंदा दर शनिवारी एक तास 'पैशाचं शिक्षण' म्हणून काढलाय आणि गणित माझ्याकडे म्हणून तो माझ्याच गळ्यात पडलाय. एकूण दहा शनिवार आहेत. गेल्या वर्षी एका बँकेची माणसं येऊन पडद्यावर काहीबाही दाखवून गेली. मुलांना फुकट मिळालेलं पेन तेवढं आठवतं. आमची मुलं रिक्षावाल्यांची, घरकाम करणाऱ्या बायांची, एमआयडीसीत कंत्राटावर असलेल्यांची. बारावी झाली की बरीचशी कमवायला लागतील. त्यांना नक्की काय शिकवू? आणि घरच्या पैशांबद्दल वर्गात बोललेलं पालकांना चालेल का?

शिवाय एक गोष्ट सांगायची आहे. पहिल्याच तासाला दहावीतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, आमच्याकडचा एक दादा माझ्या खात्यात पैसे मागवतो आणि मला महिन्याला दोन हजार देतो. एटीएम कार्ड त्याच्याकडेच असतं. चालतं ना?" मी "नंतर बोलू" म्हणून पुढे गेले. घरी यांना सांगितलं, तर म्हणाले, तू यात पडू नकोस. आमच्याकडे पैशांचं सगळं हेच बघतात, माझ्या पगाराच्या खात्याचंसुद्धा. मला खरंच त्यातलं फारसं कळत नाही.

– एक बाई, कळवा'

बाई,

मुलं तुम्हाला बाई म्हणतात, मीही तेच म्हणते. पत्राच्या शेवटी लिहिलंत ते आधी घेते. शनिवार कुठे पळून जात नाहीत, पण त्या मुलाचा एकेक दिवस महाग आहे.

त्याचं खातं भाड्यानं गेलंय. पोलीस आणि बँकवाले याला म्यूल अकाउंट म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर, दुसऱ्याचं ओझं वाहणारं. कुणा म्हाताऱ्या माणसाला फोनवर अटकेची भीती घालून लुबाडलेले पैसे आधी अशाच एखाद्या खात्यात उतरतात आणि तासाभरात पुढच्या चार खात्यांत पांगतात, नाहीतर एटीएममधून निघून जातात. तक्रार झाली की पोलीस पैशांचा माग काढत येतात आणि खात्यावर ज्याचं नाव त्याच्या दारात उभे राहतात. दादाचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. दोन हजार त्यासाठीच असतात, स्वतःचं नाव कागदावर येऊ नये म्हणून त्यानं मोजलेले. अशी खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं म्यूलहंटर नावाची संगणकयंत्रणासुद्धा बनवली आहे, म्हणजे प्रकार किती पसरलाय ते बघा. दादा लोकांना शाळकरी मुलं का आवडतात हेही सांगते. शिष्यवृत्तीसाठी आपणच त्यांची झीरो बॅलन्सची खाती काढून देतो. मग वर्षातून एकदा शिष्यवृत्ती जमा होते आणि एरवी त्या खात्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

येत्या सोमवारी त्याला बाजूला घ्या. वर्गात नको, स्टाफरूममध्ये तर नकोच. रागावू नका. विचारा: कार्डाबरोबर सिमही दिलंय का? पासबुक कुठे आहे? पिन कुणाला माहीत आहे? मग आईला किंवा वडिलांना बोलावून घ्या आणि शक्य झालं तर त्यांच्याबरोबर तुम्हीही बँकेच्या शाखेत जा. साध्या कागदावर अर्ज लिहा: कार्ड दुसऱ्याच्या ताब्यात आहे, खात्यात आलेले पैसे आमचे नाहीत, कार्ड बंद करा, खात्यातून पैसे जाणं थांबवा आणि आतापर्यंतचा खातेउतारा द्या. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. ती पोच म्हणजे पुढे त्या घराची ढाल आहे, हरवू देऊ नका. खात्यात शिल्लक पडलेल्या पैशाला हात लावायचा नाही. दादाला परतसुद्धा करायचे नाहीत. त्याच्याशी झालेले मेसेज पुसायचे नाहीत आणि 'आम्ही बँकेत चाललोय' असा फोन तर अजिबात करायचा नाही.

यानंतर पोलिसांकडे जावं लागेल आणि इथे आईवडील घाबरतील. रिक्षावाल्याला पोलीस चौकी म्हटलं की काय काय आठवतं हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यांना कोर्टनाक्यावर जिल्हा न्यायालयात पाठवा. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. १९८७च्या कायद्यानं मुलांना आणि स्त्रियांना तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. वकिलाला बरोबर घेऊन, आपणहून, पोलीस येण्याआधी गेलेला मुलगा आणि पोलिसांनी शोधून काढलेला मुलगा यांच्याकडे बघण्यात फार फरक पडतो.

यजमान म्हणाले, यात पडू नकोस. काळजीपोटी म्हणाले असतील. पण पोरानं भर वर्गात तुम्हाला विचारलं, तेव्हाच तुम्ही यात पडलात. मुख्याध्यापकांच्या कानावर आजच घाला, म्हणजे तुम्ही एकट्या राहणार नाही. आणि एक लक्षात घ्या, त्याच्या पोटात पाप असतं तर त्यानं तोंड उघडलंच नसतं. 'चालतं ना?' असं त्यानं विचारलं, कारण कुठेतरी त्याला खटकत होतं आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं. सही करण्याआधी, कार्ड देण्याआधी, बटण दाबण्याआधी कुणाला तरी 'चालतं ना?' विचारायची ही सवय तुमच्या सगळ्या मुलांना लागली, तर दहा शनिवारांकडून मला आणखी काही नको.

आता शनिवार. मुख्याध्यापकांना तक्ता द्यावा लागणार असेल तर द्या करून; बचत, गुंतवणूक, विमा, कर असे शब्द घाला, शाळेत तक्ते लागतातच. वर्गात मात्र एका शनिवारी एक कागद, इतकंच ठेवा. खराखुरा कागद, नाव-नंबर खोडून झेरॉक्स काढलेला, प्रत्येकाच्या हातात एक. पडदा नको.

पहिला कागद कोरा घ्या आणि मुलांना सही करायला सांगा. हसू नका. मी ३१ वर्षं बँकेत होते, त्यातली बरीचशी काउंटरवर. अठरा पूर्ण झालेली मुलं खातं स्वतःच्या नावानं चालवायला यायची आणि सहीच्या चौकोनापाशी अडायची. कुणी कॅपिटलमध्ये नाव लिहायचं, कुणी तीन ठिकाणी तीन सह्या करायचं. एका मुलीनं नावाच्या शेवटी बदाम काढला होता. तीन वर्षांनी तिचा चेक परत गेला, कारण मधल्या काळात तिला बदाम काढायची लाज वाटायला लागली होती. सही काय असते, ती कशाखाली करायची नसते, कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या चेकवर ती का करायची नाही, यातच तुमचा तास संपेल. उरलेल्या दहा मिनिटांत पैसे काढायची स्लिप भरायला द्या. 'रुपये अक्षरी' या जागेपाशी निम्मा वर्ग अडखळतो, गणितात पैकीच्या पैकी घेणारासुद्धा.

त्याच तासाला त्यांना एक शब्द द्या. बँकेच्या आणि कोर्टाच्या मराठीत अठराखालच्या माणसाला 'अज्ञान' म्हणतात आणि अठरा झाले की 'सज्ञान'. ज्यांची गावाकडे जमीन आहे त्यांनी सातबाऱ्यावर 'अ. पा. क.' पाहिलं असेल, अज्ञान पालनकर्ता. मुलांना हे ऐकून खूप गंमत वाटते. गंमत वाटू द्या, मग फळ्यावर दोन साल लिहा. १८७२चा भारतीय करार कायदा सांगतो की अज्ञानानं केलेला करार करारच नाही. १८७५च्या कायद्यानं सज्ञान व्हायचं वय १८ ठरवलं. म्हणजे सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या पोराला कुणी उधारीवर फोन दिला तर देणारा बसला बोंबलत. वाढदिवस उजाडला की त्याच पोरानं मोबाइलच्या पडद्यावर 'मान्य आहे' दाबलं, की तो पुरा अडकला. कर्ज देणारी अ‍ॅप्स वाढदिवसाचीच वाट बघत असतात. खातं मात्र त्याआधीही चालवता येतं. रिझर्व्ह बँकेनं २०२५ च्या एप्रिलमध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार दहा वर्षांवरच्या मुलांना बँका स्वतंत्रपणे बचत खातं चालवू देऊ शकतात, मर्यादा बँकेनं ठरवायची. तेव्हा सराव अठराच्या आधी करायचा, छोट्या रकमेवर.

भिशीसाठी एक अख्खा शनिवार ठेवा. तुमच्या वर्गातल्या निम्म्या घरांत आई भिशी लावत असेल, त्यामुळे मुलांना ती माहीत आहे. त्यात काय चाललंय ते मात्र माहीत नाही. बारा चिठ्ठ्या करा, बारा मुलं पुढे बोलवा, दर महिन्याला हजार रुपये आणि दर महिन्याला एकाला बारा हजार. मग विचारा: पहिली चिठ्ठी लागलेल्या बाईला बारा हजार मिळाले आणि तिनं पुढचे अकरा महिने हजार-हजार भरले. ती काय झाली? कर्जदार. शेवटची चिठ्ठी जिची, ती अकरा महिने भरतच राहिली. ती ठेवीदार. पहिलीला बिनव्याजी कर्ज मिळालं, शेवटचीला बिनव्याजी ठेव. मधे कुणी गाव सोडून गेली तर फटका कुणाला? इथून पुढे बँक, आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव), कर्ज, जामीनदार हे सगळं मुलं स्वतःच बोलतील, मी खात्रीनं सांगते. मग पोस्टाच्या आरडीचा कागद दाखवा. महिन्याला १०० रुपयांपासून, पाच वर्षं, दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावावर काढता येते. व्याजाचा दर सरकार दर तिमाहीला पाहतं. गेली काही वर्षं तो ६.७ टक्के आहे. ५०० रुपयांनी पाच वर्षांत ३०,००० भरले जातात आणि या दरानं हातात ३५,६०० च्या वर येतात. भिशीत मात्र मैत्रिणी आणि चहा मिळतो, पोस्टात तो मिळत नाही. भिशीला नावं ठेवू नका, आया तुमच्यावर भडकतील आणि त्यांचं बरोबर असेल. पतपेढीचा विषय निघालाच तर एवढं सांगा: बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, एका माणसाचे एका बँकेतले ५ लाखांपर्यंतचे पैसे ठेव विम्यानं सुरक्षित असतात. पतपेढीला तो विमा लागू नाही. नावांत फार फरक दिसत नाही, पण हा फरक मोठा आहे.

सगळ्यात मोलाचा कागद पगाराचा. तुमचीच सॅलरी स्लिप घ्या असं म्हणणार होते, पण ते नंतर. आधी एक बनवा. समजा, बारावी झालेल्या मुलाला ऐरोलीच्या कुठल्याशा ऑफिसात वर्षाला ३ लाखांची नोकरी लागली. पोरगं घरी सांगतं, पंचवीस हजार पगार. आई पेढे वाटते. पहिल्या महिन्यात खात्यात येतात २१,००० आणि काही. 'कंपनीनं पैसे खाल्ले' असं म्हणत तो आठ दिवस चिडलेला असतो. कुणी खाल्ले नाहीत. मूळ पगार १२,५०० धरला तर त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,५०० रुपये, कंपनी पीएफमध्ये भरते आणि ते त्या पंचवीस हजारांतच मोजलेले असतात. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळायच्या रकमेचे, सहाशे-एक रुपयेही तसेच. उरलेल्यातून त्याचा स्वतःचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २००. बसा हिशेब करायला, २१,२०० च्या आसपास उत्तर येईल. मुलींना आणखी एक गंमत सांगा, महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर नाही, म्हणजे याच नोकरीत तिच्या हातात दोनशे रुपये जास्त. मुलगे ओरडतील. ओरडू दे, आठवणीत राहील.

मग त्या २१,२०० चं काय करायचं ते त्यांनाच करू द्या. आकडे तुम्ही देऊ नका. कुणी दिव्यात, कुणी घणसोलीत, कुणी कळव्यातच एका खोलीचं भाडं आणि डिपॉझिट विचारून येईल, कुणी रेल्वे पासची किंमत, कुणी महिन्याचं राशन. अकरा महिन्यांच्या भाडेकराराचा एक कागदही दाखवा. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे वाक्य फळ्यावर लिहायचा मोह होईल, लिहू नका. त्यांना ते घरी रोज ऐकवलं जातं. अंथरूण नेमकं किती लांब आहे ते फुटपट्टीनं मोजून मात्र त्यांना कुणी दाखवलेलं नाही.

लाइट बिल एका तासात आटपा. कळव्यात बिल टोरेंट कंपनीचं येतं, खाडीपलीकडे ठाण्यात महावितरणचं, पण बिलाची रचना तीच. मुलांना, आणि बऱ्याच मोठ्या माणसांनाही वाटतं की १०० युनिटच्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटांना चढा दर लागतो. तसं नाही. चढा दर फक्त १०१ व्या युनिटापासून पुढच्यांना. हे कळलं की आयकराच्या टप्प्यांबद्दलचा तोच गैरसमज आपोआप जातो. वर १६ टक्के वीज शुल्क लागतं, ते कुणाकडे जातं हेही विचारा.

तुमच्याच गणिताच्या पुस्तकात, नववीला आणि दहावीला, 'अर्थनियोजन' नावाचा धडा आहे. दहावीच्या धड्यात जीएसटी आहे, शेअर आहेत, एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) आहे. तुम्ही तो शिकवता, मुलं दर्शनी किंमत आणि बाजारभावाची गणितं बिनचूक सोडवतात आणि बाहेर येऊन दादाला कार्ड देतात. तेव्हा धडा पुन्हा शिकवू नका, त्याचा बाजाराशी सांधा जोडा. जीएसटीची गणितं पुस्तकात १२ आणि २८ टक्क्यांनीही आहेत. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून मुख्य दर ५ आणि १८ झाले, वह्या-पेन्सिली-खोडरबर शून्यावर आले. स्टेशनरीच्या दुकानातलं जुनं आणि नवं बिल शेजारी ठेवा. शेअरबद्दल मुलं नक्की विचारणार, कारण रील्समधून ट्रेडिंग शिकवणारे काका सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत. त्यांना सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला आकडा सांगा: तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत, उतरलेल्या १०० व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला. रीलमधले काका उरलेल्या सातांतले आहेत, की शिकवण्याची फी घेऊन जगणारे आहेत, हे मुलांनाच ठरवू द्या.

क्रेडिट कार्डावर मी अडून बसते, कारण याचे बळी मी रोज पाहिलेत. बिल २०,००० चं. कागदावर ठळक छापलेलं असतं, 'किमान देय १,०००'. पोरगं हजार भरतं आणि समजतं, आपण हप्ता भरला. महिन्याला साडेतीन टक्के हा कार्डावर नेहमी दिसणारा दर. सोप्या हिशेबासाठी वीस हजारांवर महिन्याचं व्याज ७००, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६. हजारातले ८२६ तिथेच गेले. कर्ज कमी झालं १७४ रुपयांनी. हे फळ्यावर लिहा आणि विचारा, असंच भरत राहिलं तर किती वर्षं लागतील? उत्तर तुम्ही देऊ नका. वर्गात शांतता पसरली की समजा, तास झाला.

यूपीआयबद्दल एकच वाक्य, पण ते दहाही शनिवारी फळ्याच्या कोपऱ्यात असू द्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, फसलो कळल्या कळल्या, त्याच तासात फिरवायचा. लाज वाटून दोन दिवस थांबलं की पैसा हाताबाहेर जातो.

एखादा शनिवार वर्गाबाहेर काढा. तुमच्याकडे आनंद मेळावा होत असेल, खाऊचे स्टॉल लागत असतील. गटागटानं मुलांना पाचशे-पाचशे रुपये उसने द्या, परतफेडीच्या अटीवर, लिहून घेऊन. जांभळी नाक्यावरून माल आणू दे, भाव करू दे. माझ्या ओळखीच्या एका शाळेत मुलांनी भेळ विकली आणि साडेचारशे रुपये नफा झाला म्हणून नाचली. एका मुलीच्या आईनं विचारलं, कांदे माझे, गॅस माझा, चटणी मी पहाटे उठून वाटली, ते कुठे धरलंत? हिशेब परत मांडला तर नफा शंभराच्या खाली उतरला. त्या दिवशी त्या मुलांनी आईच्या कामाची पहिल्यांदा किंमत लावली असेल. एखाद्या गटाला तोटा झाला तर तो तुम्ही भरून काढू नका. उसने पैसे परत कसे करायचे ते त्यांनीच ठरवायचं. पुढच्या महिन्यात काहीतरी विकून का होईना.

पालकांना चालेल का, असं विचारलंत. कुणाच्या घरात किती येतात, हा प्रश्न वर्गात कधीही विचारायचा नाही. घरून पगाराचा कागद आणायला सांगायचं नाही, बाबांवर कर्ज आहे का हे तर नाहीच. फी थकलेल्या मुलाचं नाव घेऊन उदाहरण देणारे शिक्षक मी पाहिलेत, त्यांच्यासारखं नको. सगळा हिशेब एका बनवलेल्या घराचा करा. त्या घराला नाव द्या, माणसं द्या, एक आजारी आजी द्या. मुलं आपलं घर त्या घरात आपोआप मिसळतात आणि कुणाचीच लाज जात नाही. पालकसभेत मात्र अर्धा तास मागून घ्या. 'आम्ही तुमच्या घरचं काही विचारत नाही, तुम्हीच एक बिल मुलाच्या हातून भरून घ्या' एवढं सांगा. आईच्या फोनचा पिन बऱ्याच मुलांना पाठ असतो. त्यापेक्षा ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेलं यूपीआय सर्कल बरं: खातं आईचं, मुलाला दिलेली मर्यादा महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,००० पर्यंत. आईनं ती ५०० वर ठेवली तरी चालते. नाहीतर प्रत्येक खर्चाला मंजुरी आईच्याच हातात ठेवायची. एखादे दोनशे रुपये पोरानं भलत्याच गोष्टीवर घालवले तर आकांत करू नका, असंही पालकांना सांगा.

आता तुमची सॅलरी स्लिप. मघाशी राखून ठेवली होती.

पत्रात तुम्ही ते एका वाक्यात, जाता जाता लिहिलंत. पगार तुमचा, खातं तुमचं, बघतात हे. यजमान वाईट आहेत असं मी म्हणत नाही. उलट नीट बघत असतील. पण बाई, तुमचं कार्ड आणि पिन दुसऱ्याकडे आहे आणि तुम्हाला त्यातलं फारसं कळत नाही. त्या मुलानं तुम्हाला सांगितलं तेही यापेक्षा फार वेगळं नव्हतं. फरक इतकाच की तुमच्या घरातला माणूस विश्वासाचा आहे. मी काउंटरवर असताना एक शिक्षिका आल्या होत्या, नवरा जाऊन पंधरा दिवस झालेले. पगार कुठल्या शाखेत जमा होतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं, ठेवी किती, विमा कुठला, नॉमिनी कोण, काहीच नाही. हुशार बाई, इंग्रजी शिकवायच्या. टेबलावर तीन पासबुकं ठेवून म्हणाल्या, यातलं माझं कोणतं?

घरात भांडण काढू नका, त्याची गरज नाही. 'मुलांना शिकवायचंय, मला आधी दाखवा' हे कारण आयतं तुमच्या हातात आहे. येत्या रविवारी दोघं बसा, चहा घ्या आणि तुमच्या खात्याचा वर्षभराचा उतारा ओळीनं वाचा. पीएफचा नंबर, नॉमिनीचं नाव, कुठले हप्ते कुठून जातात. मंगळवारी शाळा सुटल्यावर एकट्या बँकेत जा, पासबुक छापून घ्या आणि पिन बदला. नवा पिन यजमानांना सांगायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. आधी तो तुम्हाला पाठ असू द्या.

पण सोमवार आधी. त्या मुलाचं काय झालं ते मला कळवा. नाव नको, फक्त पोच मिळाली का ते लिहा.

– तुमची ताई